हा चाफा नेमका कोणता? फांदी लावून आलेल्या झाडाची ओळख कशी पटवायची

(या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज ना मोबाईलचा विषय आहे, ना नोकरीचा. आज चाफा. हो, तोच. देवळापुढे असतो, फांद्या शिंगांसारख्या, तोडला की पांढरा चीक येतो तो.

नांदेडला आमच्या गच्चीवर चाफ्याच्या तीन कुंड्या आहेत. एक आजीकडून आणलेल्या फांदीची, एक शेजारच्या काकूंनी दिलेली, एक नर्सरीतून घेतलेली. चार वर्षांपूर्वी दिवाळीआधी घराला रंग दिला. कुंड्या खाली गेल्या, महिनाभराने वर आल्या, आणि आईने मला विचारलं, "यातला आजीचा कोणता रे?"

पट्ट्या लावल्या होत्या हो. स्केचपेनने. मराठवाड्याच्या उन्हात स्केचपेन किती दिवस टिकतो ते तुम्हाला सांगायला नको. तिन्ही पट्ट्या कोऱ्या.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, चाफा तो चाफा. पण आईचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्यांचं मातीचं माळवदाचं घर पडलं. आजोबा त्यात गेले. अंगणात आजोबांनी लावलेला चाफा मात्र उभा होता. पुढे गाव दुसऱ्या जागी वसवलं, तेव्हा आजीने त्या झाडाची एक फांदी नव्या घरापुढे लावली. त्या झाडाची फांदी आईने नांदेडला आणली. नंतर मामाने घर वाढवलं, त्यात तिथलं झाड गेलं. जुन्या गावठाणातलं झाड तर केव्हाच वाळलं. म्हणजे आजोबांचा चाफा आता कुठे असेल, तर आमच्या गच्चीवर. तीनपैकी एका कुंडीत. कोणत्या, ते माहीत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा पहिला उपाय तुम्ही ओळखलाच असेल. फोन काढला, तिन्ही झाडांचे फोटो काढले, ओळखणाऱ्या अ‍ॅपला दिले. उत्तर आलं, "प्लुमेरिया." बास. म्हणजे हरवलेला माणूस शोधायला गेलो आणि पोलिसांनी सांगितलं, "हा माणूसच आहे."

मग नीट अभ्यास केला. तो आज तुम्हाला सांगतो, कारण फांदी लावून आलेली, नाव हरवलेली झाडं तुमच्याही घरी असणार.

आधी, कोणता चाफा?

मराठीत "चाफा" हे आडनाव आहे, आणि या आडनावाची माणसं एकमेकांच्या नात्यात नाहीत. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. भुईचाफा हळदीच्या कुळातला. आणि आपला हा, ज्याला कुणी खुरचाफा म्हणतं, कुणी देवचाफा, तो कण्हेर, तगर आणि सदाफुलीचा भाऊबंद. म्हणूनच त्याला चीक आहे. हा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, कातडीलाही काहींना त्रास होतो.

मजा म्हणजे ज्याला आपण पक्का देवळातला समजतो, तो मूळचा इकडचा नाहीच. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं हे त्याचं माहेर. प्लुमेरिया हे नाव शार्ल प्लुमिए (१६४६ ते १७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. निकाराग्वाने हाच चाफा राष्ट्रीय फूल मानलाय, आणि लाओसनेही. तिकडून जगभर तो गेला तो मुख्यतः फांद्यांच्या रूपाने. फांदी तोडा, वाळवा, महिनाभराच्या प्रवासावर न्या, लावा, फुटते. एवढं चिवट झाड.

फांदी म्हणजे तेच झाड

हा मुद्दा नीट ऐका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

बी लावलं तर नवं झाड येतं. चाफ्याला शेंगा येतात, बहुतेक वेळा जोडीने, शिंगांसारख्या, आत पंखवाल्या बिया. त्या बियांतून आलेलं झाड आईसारखं असेलच असं नाही. रंग वेगळा, पाकळी वेगळी, काहीही. जसं आपण आईबापासारखे असतो, पण आईबाप नसतो.

फांदी लावली, म्हणजे छाट कलम केलं, तर ते मूल नसतं. तेच झाड असतं, दुसऱ्या जागी. आमच्या भाषेत गिट क्लोन. म्हणून आजोबांच्या झाडाची फांदी, त्या फांदीची फांदी, आणि आमच्या कुंडीतली तिसरी, हे तिन्ही मिळून एकच झाड. एखाद्या फांदीत अचानक बदल होऊ शकतो, पण ते विरळा.

इथे एक सापळा आहे. नर्सरीतली रंगीत झाडं बरेचदा फांदी लावून नाही, तर कलम बांधून केलेली असतात. खाली एका जातीचा खुंट, वर दुसरी जात. जोडाच्या खालून फूट आली आणि तुम्ही तीच तोडून लावली, तर वरच्या गुलाबी फुलाऐवजी खुंटाचं फूल येणार. मग आपण म्हणतो, "आमच्याकडे रंग बदलला." रंग बदलला नाही, झाडच वेगळं आहे.

पहिली चाळणी: पान

फुलाची वाट बघत बसू नका. पानावरून निम्मं काम होतं. आपल्याकडे बागेत मुख्यतः चार जाती दिसतात.

पहिली, रुब्रा. पान मोठं, दोन्हीकडे निमुळतं, टोकदार. पानाच्या कडेला समांतर एक शीर दिसते, बाजूच्या शिरा तिला जाऊन मिळतात. हिवाळ्यात पानं गळतात आणि नुसती शिंगं उरतात. नावाचा अर्थ "लाल", पण फूल पांढरं, पिवळं, गुलाबी, लाल, काहीही असू शकतं. फुलाचा रंग बघून जात ठरवायची नाही ती यामुळेच.

दुसरी, ऑब्ट्युसा. पान गडद हिरवं, चकचकीत, टोक गोल. फूल पांढरं, मधे थोडा पिवळा. हिवाळ्यातही बरीच पानं टिकून राहतात.

तिसरी, पुडिका. पान नागाच्या फण्यासारखं, म्हणून नर्सरीत "नागचंपा" म्हणून विकतात. खरा नागचाफा ते झाडच निराळं. पुडिकाचं फूल पांढरंशुभ्र, पण वास जवळपास नाही.

चौथी, अल्बा. पान अरुंद, कडा खाली वळलेल्या, खालची बाजू पांढुरकी. ही कमी दिसते. पण गंमत अशी की पांढरं फूल दिसलं की लोक सरसकट "अल्बा" लिहून मोकळे होतात, आणि ते बहुतेकदा रुब्रा नाहीतर ऑब्ट्युसा निघतं.

या जातींचे संकरही आहेत, त्यांची पानं अधलीमधली असतात. तेव्हा एका पानावर निकाल देऊ नका. झाडावरची पाच-सहा पूर्ण वाढलेली पानं बघा.

आमच्या गच्चीवर एका कुंडीतलं पान गोल टोकाचं आणि चकचकीत निघालं. मी आजीला फोन लावला. "आजी, आपल्या चाफ्याची पानं हिवाळ्यात गळायची का गं?"

"गळायची म्हंजे? पार उघडा पडायचा की रं. शिवरात्रीला बघावं तर नुस्ती लाकडं."

पान गोल, वरून चकचकीत आणि गळणारं नाही, म्हणजे ती कुंडी बाद. उरल्या दोन. दोन्ही रुब्रा, दोन्हींची फुलं पांढरी, मधे पिवळी. इथे खरी डोकेदुखी सुरू झाली.

दुसरी चाळणी: फूल, पण नीट बघून

फुलाचा रंग ही सगळ्यात फसवी खूण. तेच झाड सावलीत वेगळं दिसतं, चाळीसच्या वर गेलेल्या उन्हात वेगळं. ताजं फूल गडद, दोन दिवसांनी फिकं. फांदीला आलेला पहिला बहर तर हिशोबात धरूच नका. मुळं धरायच्या आधीच कधी कधी फूल येतं, ते लहान आणि पडेल रंगाचं असतं. दोन-तीन मोसम जाऊ द्या.

त्यात आपले फोन. फोटो काढला की फोनच ठरवतो, रंग जरा भडक करू या. म्हणून फोटो काढताना तीन गोष्टी करा. फूल पांढऱ्या कागदावर ठेवा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे आकार कळतो. आणि थेट उन्हात नाही, सकाळी सावलीत काढा. एक फोटो पुढून, एक मागून, एक देठासकट बाजूने, एक अख्ख्या गुच्छाचा.

मागून का? कारण त्यातल्या त्यात भरवशाच्या खुणा तिथे असतात, आणि लोक तिकडे बघतच नाहीत. पाकळीच्या पाठीवर रेघ आहे का? फुलाचा देठ हिरवा की तांबूस? पाकळी रुंद की अरुंद, टोक गोल की निमुळतं? पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या की मधे फट? गुच्छ वर ताठ की खाली झुकलेला?

वासही बघा, पण संध्याकाळनंतर. चाफा रात्री जास्त दरवळतो, कारण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे पतंग. बिचारे वासाला भुलून येतात, फुलात मध शोधतात, आणि मध नसतोच. त्या धडपडीत परागकण मात्र इकडून तिकडे जातात. फसवणुकीचा पक्का धंदा.

आमच्या दोन कुंड्यांची यादी केली. एक: पाकळी अरुंद, देठ तांबूस, पाठीवर कडेला पुसट गुलाबी रेघ. दुसरी: पाकळी रुंद, एकमेकींवर चढलेली, देठ हिरवा, रेघ नाही, आणि बहर दणदणीत.

फरक सापडला. पण आजीचा कोणता?

जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही

इथेच बहुतेक लोक चुकतात. इंटरनेटवर फोटो शोधायचा, आपल्या फुलासारखा दिसला की त्याचं नाव आपल्या झाडाला चिकटवायचं. पण अमेरिकेत ह्यूस्टनला १९७९ पासून प्लुमेरिया सोसायटी ऑफ अमेरिका आहे, चाफ्याच्या वाणांच्या नावांची जागतिक नोंद तिच्याकडे होते. नोंदलेले वाण शेकडो. त्यात पांढरे-पिवळे एकमेकांसारखे इतके, की फोटोवरून छातीठोक सांगणं जमणारच नाही. आणि बियांतून उगवलेली, कधीच नाव न मिळालेली झाडं वेगळीच. उलटही होतं. हवाईत १८६० मध्ये हिलेब्रँड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणलेला पिवळा चाफा आज "सेलाडीन" म्हणूनही ओळखला जातो आणि "कॉमन यलो" म्हणूनही. झाड एक, नावं दोन.

आम्ही डिबगिंग करताना एक नियम पाळतो, तो इथेही लागू आहे. न जुळणारी एक पक्की खूण झाडाला बाद करू शकते. जुळणाऱ्या दहा खुणा झाडाला सिद्ध करू शकत नाहीत, फक्त शक्यता वाढवतात. पानाचा आकार, देठाचा रंग, पाकळीची ठेवण जुळत नसेल तर विषय संपला. सगळं जुळलं तरी "बहुतेक" म्हणायचं.

प्रयोगशाळेत डीएनए ताडून बघता येतो. पण तिथेही ताडायला एक खात्रीचं झाड लागतंच. म्हणजे फिरून प्रश्न तोच. ज्याचा उगम नक्की माहीत आहे असं झाड कुठे आहे?

ते झाड सापडलं मामामुळे. तो म्हणाला, नवं गाव वसलं तेव्हा आजीने एक फांदी मारुतीच्या देवळालाही दिली होती. ते झाड अजून आहे. मामाच्या डोळ्यांदेखत लावलेलं.

एका रविवारी गेलो. गुरवांना विचारून सकाळी दहा-बारा फुलं घेतली, ओल्या रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली. संध्याकाळी नांदेडला गच्चीवर पांढऱ्या कागदावर तिन्ही ओळी मांडल्या. देवळाचं फूल: पाकळी अरुंद, देठ तांबूस, पाठीवर गुलाबी रेघ. पहिल्या कुंडीशी जुळलं. पण देवळाच्या फुलाची रेघ चांगली ठळक, आमची पुसट. हा गच्चीच्या उन्हाचा परिणाम, की झाडच वेगळं?

शेवटची परीक्षा: शेजारी लावा

याचं उत्तर एकच. दोन्ही झाडं एका जागी, एका मातीत, एका उन्हात वाढवायची. मग जो फरक उरेल तो झाडाचा, परिस्थितीचा नाही.

देवळाच्या झाडाची फांदी आणली. तुम्हाला करायचं असेल तर अशी करा: पानं गळालेली असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, फूटभर लांबीची जून फांदी घ्या. हिरवी कोवळी नको, ती सडते. काप चीक गळून कोरडा होईपर्यंत सावलीत ठेवा, आठ-दहा दिवस. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात एकटीत लावलीत तर फांदी कुजलीच समजा. निम्मी वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा, कुंडीला खाली भोक हवंच. पानं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताचं. पुढे पावसाळ्यात पानाखाली केशरी पूड दिसली तर तो तांबेरा आहे, ती पानं काढून टाका.

दुसऱ्या वर्षी फूल आलं. गच्चीच्या उन्हात देवळाच्या फांदीची रेघही तितकीच पुसट. देठ तोच, पाकळी तीच, गुच्छाची ठेवण तीच. मामाची साक्ष होती, त्याला आता खुणांची जोड मिळाली. मी "बहुतेक" वरून "जवळजवळ नक्की" वर आलो. याच्या पुढे मी जाणार नाही.

आणि मग खरी अडचण

आईचा चेहरा उतरला. कारण तिने मधल्या काळात स्वतःच ठरवून टाकलं होतं की भरभरून फुलतो तो आजीचा. म्हणजे रुंद पाकळीचा, तो शेजारच्या काकूंचा निघाला. आणि तिने त्याच्या फांद्या पाच घरी दिल्या होत्या. मावशीला, मोठ्या मामीला, लातूरला मामेबहिणीला तिच्या वास्तुशांतीत. "दादांचा चाफा आहे, जपा," असं सांगून.

चुकीचं नाव असंच वाढतं. एका कुंडीवरची चूक फांदीबरोबर पाच अंगणांत गेली. अजून पंधरा वर्षांनी त्या पाच घरांतून पंचवीस घरी गेली असती, आणि खरा चाफा एका कुंडीत निनावी राहून एखाद्या उन्हाळ्यात मेला असता. कोणाला कळलंही नसतं. म्हणून मी म्हणतो, "माहीत नाही" अशी पट्टी लावलेलं झाड चुकीच्या नावाच्या झाडापेक्षा केव्हाही बरं. माहीत नाही म्हटलं की कोणीतरी शोधतं. चुकीचं नाव लावलं की शोध थांबतो.

आईने पाचही घरी फोन केले. अवघड होतं ते. मावशी तर म्हणाली, "अगं, मी रोज त्याची फुलं दादांच्या फोटोला वाहते."

आजी तेव्हा आमच्याकडेच होती. मी दोन्ही फुलं तिच्या हातावर ठेवली. मोतीबिंदूमुळे तिला फारसं दिसत नाही. तिने दोन्हींचा वास घेतला. मला वाटलं, आता आजी बरोब्बर ओळखणार.

"दोन्ही चाफंच हायेत की," ती म्हणाली.

मग आईला म्हणाली, "त्यांनी लावलेला कशाला उपटायला लावती? ऱ्हाऊ दे. ह्याची बी एकेक फांदी दे म्हंजे झालं."

या फेब्रुवारीत पाच फांद्या तोडल्या, वाळवल्या आणि पोचवल्या. या वेळी प्रत्येकीला ॲल्युमिनियमची पट्टी तारेने बांधली. त्यावर रिकाम्या बॉलपेनने दाबून लिहिलं, म्हणजे अक्षर कोरलं जातं, ऊन-पाऊस काही करत नाही. वाणाचं नाव लिहिलं नाही, कारण ते आम्हाला माहीत नाही, आणि बहुधा त्याला कोणी कधी दिलेलंच नसेल. लिहिलं एवढंच: कुणाच्या झाडाची, कोणत्या गावची, कोणत्या वर्षी तोडली. फोनमध्येही एक फोटो, त्याच माहितीसकट.

तर दोस्तांनो, एक काम करा. आज गच्चीवर किंवा अंगणात जा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे झाड कुठून आणलं. सांगतील ते लिहून ठेवा. झाड बोलत नाही आणि अ‍ॅपला माहीत नाही. सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारता येतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर कुंड्यांना पाणी जरा बेतानंच घाला.